सर्व्हर पुन्हा स्लो: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

‘सर्व्हर स्लो झालाय’ अशी तक्रार आली की बहुतेक ऑफिसांत ठरलेले उपाय होतात. आधी सर्व्हर रीस्टार्ट करायचा, मग स्विच बंद-चालू करायचा. तीन-चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग कोणीतरी रॅम वाढवायचं किंवा दहा गिगाबिटचा स्विच घ्यायचं कोटेशन मागवतं. पैसे जातात, तक्रार तिथेच राहते. कारण ‘स्लो’ या एका तक्रारीखाली निदान पाच-सहा वेगळी दुखणी येतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

हे लिखाण छोट्या-मध्यम ऑफिसांतल्या फाइल सर्व्हरबद्दल आहे. आर्किटेक्ट, छापखाना, सीए, व्हिडिओ एडिटिंग, असं कोणतंही ऑफिस धरा. दहा ते चाळीस माणसं, एक लिनक्स मशीन किंवा तयार एनएएसचा डबा (नेटवर्कवर फायली ठेवायचं तयार उपकरण, त्याच्याही पोटात बहुधा लिनक्सच असतं), त्यावर सांबा किंवा एनएफएस (नेटवर्कवरून फायली पुरवणारी व्यवस्था, सांबा बहुधा विंडोज मशीनांसाठी आणि एनएफएस लिनक्ससाठी) आणि रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून, लावलेल्या चार-सहा हार्ड डिस्क.

हात लावण्याआधी विचारायचं

कोणाला स्लो आहे, कोणत्या कामाला आणि कधी, ही उत्तरं मिळाल्याशिवाय सर्व्हरवर लॉगिनसुद्धा करू नका.

एकाच माणसाला त्रास होत असेल तर त्याचं मशीन, त्याची केबल किंवा त्याचं वायफाय बघा, सर्व्हरच्या वाटेला जाऊच नका. एकाच मजल्यावरच्या किंवा एकाच रांगेतल्या सगळ्यांना होत असेल तर तिथला छोटा स्विच आणि मुख्य स्विचकडे जाणारी त्याची वायर. सगळ्यांना एकदम होत असेल तेव्हाच सर्व्हर संशयित ठरतो.

‘कोणत्या कामाला’ हा प्रश्न सगळ्यांत जास्त माहिती देतो आणि तोच कोणी विचारत नाही. चार जीबीची एक व्हिडिओ फाइल झरझर कॉपी होते, पण तेवढ्याच आकाराचं हजारो फायलींचं फोल्डर रांगतं, तर वायर जाड करून उपयोग नाही. फाइल उघडते पटकन पण सेव्ह करताना घड्याळ फिरत राहतं, तर लिहिण्याच्या वाटेवर अडथळा आहे. फाइल ठीक, पण फोल्डर उघडायलाच वेळ लागतो, तर ते आणखी तिसरंच.

‘कधी’ची गंमत वेगळी आहे. तिच्याकडे शेवटाकडे येऊ.

वायर: पाच मिनिटांत निकाल

नेटवर्क आधी तपासायचं. त्याच्यावर संशय जास्त म्हणून नव्हे, तर ते चटकन बाद करता येतं म्हणून. सर्व्हरवर आणि त्रास होणाऱ्या मशीनवर आयपर्फ३ चालवा. यात डिस्कचा संबंध नसतो, नुसती वायर मोजली जाते. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा आला पाहिजे. उरलेलं इथरनेट, आयपी आणि टीसीपीच्या हेडरांत जातं. फाइल कॉपीच्या भाषेत म्हणजे सेकंदाला ११० ते ११५ एमबी. याहून जास्त गिगाबिटवर मिळणार नाही, त्यामुळे ११२ दिसत असताना ‘स्लो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे हा हिशेब दाखवावा. चाचणी उलट्या दिशेनेही करा, कारण खराब केबल कधी कधी एकाच दिशेला दगा देते.

फाइल कॉपी सेकंदाला ११-१२ एमबीवर घट्ट अडकली असेल तर पुढचं काही तपासू नका. लिंक १०० मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली की कार्ड आणि स्विच गुपचूप खालच्या वेगावर समेट करतात आणि कोणाला काही कळत नाही. एथटूल ही कमांड हे लगेच दाखवते. कारणं साधी असतात: खुर्चीच्या चाकाखाली आलेली केबल, फॉल्स सीलिंगमधले उंदीर, हिरवा पडलेला कनेक्टर. स्वस्तात मिळणारी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबलही याच वर्गातली. ती घेऊच नका.

जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) चालू केल्या असतील तर आणखी एक. वाटेतलं एखादं उपकरण १५०० बाइटवरच राहिलं, तर छोट्या गोष्टी नीट चालतात आणि मोठी फाइल सुरू केली की सगळं अडकतं. तुकडे न पाडण्याची अट घालून ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. तो पोचला नाही तर एमटीयूचा, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचा, घोळ आहे. गिगाबिटवर जंबो फ्रेमने होणारा फायदा इतका थोडा आहे की मी सरळ बंद ठेवायला सांगतो.

दोन वायरी एकत्र बांधल्या म्हणजे वेग दुप्पट, हा समजही इथेच सोडा. वायरी अशा बांधायच्या एलएसीपी पद्धतीत एक जोडणी एकाच वायरीवरून जाते. दहा माणसांची गर्दी वाटली जाईल, पण एका माणसाची एक कॉपी पूर्वीच्याच वेगाने होईल.

डिस्क: आकडा खरा आहे का ते आधी बघा

वायर निर्दोष ठरली की नेटवर्क पूर्ण बाजूला ठेवून सर्व्हरवरच डिस्क मोजा. इथे लोक हमखास फसतात. डीडी या कमांडने एक जीबी शून्यं लिहून ‘सेकंदाला दीड जीबी’ असा आकडा मिळवतात आणि डिस्क उत्तम असल्याचं जाहीर करतात. तो आकडा रॅमचा असतो. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यं डिस्कपर्यंत जातही नाहीत. एफआयओ हे डिस्क मोजायचं साधन वापरा, चाचणीची फाइल रॅमपेक्षा मोठी घ्या, आणि ती साध्या फोल्डरमध्येच तयार करा. एफआयओला चुकून अख्ख्या डिस्कचंच नाव दिलं आणि लिहिण्याची चाचणी लावली, तर तो विनातक्रार सगळा डेटा पुसतो.

७२०० आरपीएमच्या डिस्कचा हिशेब हाताने करून बघण्यासारखा आहे. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवी ती जागा खाली येण्यासाठी सरासरी चारेक मिलिसेकंद थांबावं लागतं. हेड सरकायला आणखी आठेक. एकूण बारा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ८० उड्या. प्रत्येक उडीत ४ केबी वाचलं तर सेकंदाला ३२० केबी होतात. सलग वाचताना २०० एमबी देणारी हीच डिस्क इकडेतिकडे वाचायला लावली की इतकी खाली येते. तिच्यात काही बिघडलेलं नसतं.

त्यात रेड-५. यात डेटाबरोबर पॅरिटी, म्हणजे एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढायचा हिशेब, लिहिला जातो. छोटं काही लिहायचं तर जुना डेटा वाचायचा, जुनी पॅरिटी वाचायची, नवा डेटा लिहायचा, नवी पॅरिटी लिहायची: एकाच्या जागी चार कामं. चार डिस्क मिळून ३२० उड्या, भागिले चार, परत ८०. म्हणजे विखुरलेल्या छोट्या लिखाणात चार डिस्कची रेड-५ एकट्या डिस्कएवढीच चालते. रेड-६ मध्ये चाराची सहा होतात. ‘चार डिस्क आहेत, तरी स्लो कसा?’ याचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं.

तक्रार चालू असतानाच आयोस्टॅट ही डिस्कचं काम दाखवणारी कमांड सविस्तर मोडमध्ये लावून बघा. वाचण्या-लिहिण्याला लागणारा सरासरी वेळ आणि रांगेची लांबी हे दोन रकाने महत्त्वाचे. वापराच्या टक्क्यांवर फार विसंबू नका, एसएसडीवर १०० टक्के दिसूनही तिच्यात बरीच ताकद शिल्लक असू शकते. रेडमधल्या सगळ्या डिस्कचे वेळ साधारण सारखे हवेत. पाच डिस्क दहा-बारा मिलिसेकंदांवर आणि सहावी दीडशेवर असेल तर चोर सापडला. अख्खी रेड तिच्यासाठी थांबते. डिस्क पूर्ण मेलेली नसते, म्हणून रेड तिला बाहेर काढत नाही. ती एकेक सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसलेली असते. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या कमांडमध्ये पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न आलेले तुकडे) वाढताना दिसले तर डिस्क बदला. यूडीएमए सीआरसीच्या (वायरीवरून डेटा जाताना होणाऱ्या) चुका वाढत असतील तर डिस्कला दोष देऊ नका, साटाची केबल बदला.

नवी डिस्क घेतानाही बघून घ्या. एसएमआर प्रकारच्या डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. सुरुवातीचं लिखाण आतल्या कॅशमध्ये जातं तोवर सगळं छान, कॅश भरली की वेग कोसळतो. एनएएससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं आणि त्यावरून बराच गदारोळही झाला. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या तक्त्यात सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारा प्रकार) लिहिलंय का ते पाहूनच ऑर्डर द्या.

आणि लोड ॲव्हरेज (चालू आणि रांगेतल्या कामांची सरासरी संख्या) ३० दिसला म्हणून प्रोसेसर बदलू नका. लिनक्स त्या आकड्यात डिस्कची वाट बघत बसलेली कामंही मोजतो. लोड ३० आणि प्रोसेसर रिकामा, म्हणजे रांग डिस्कपुढे आहे.

हजारो छोट्या फायली

वायर ठीक, डिस्क ठीक, मोठी फाइल पूर्ण वेगाने जाते, तरी लोक कुरकुरतात. बहुतेक ठिकाणी खरं दुखणं हेच असतं.

सांबावर एक छोटी फाइल ठेवायची तर क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याचं मशीन, नुसता डेटा पाठवत नाही. फाइल तयार कर, गुणधर्म सांग, लिही, तारीख लाव, बंद कर, अशी पाच-सहा मागणी-उत्तरं होतात आणि प्रत्येक मागणीला उत्तर येईपर्यंत पुढची जात नाही. सहा फेऱ्या धरा, दहा हजार फायली धरा. वायरीच्या लॅनवर एका फेरीला अर्धा मिलिसेकंद लागला तर ३० सेकंद. बऱ्यापैकी वायफायवर पाच मिलिसेकंद लागले तर ५ मिनिटं. घरून व्हीपीएनने काम करताना ३० मिलिसेकंद लागले तर अर्धा तास. या हिशेबात बँडविड्थ कुठे आलीच नाही. रस्ता रुंद केला म्हणून पोस्टमनचे हेलपाटे कमी होत नाहीत.

म्हणून अशा ठिकाणी दहा गिगाबिट स्विचचं कोटेशन बाजूला ठेवा. फेऱ्या कमी करा किंवा एकाच वेळी अनेक फेऱ्या चालवा. विंडोजवर रोबोकॉपी ही कॉपीची कमांड अनेक धाग्यांच्या (मल्टिथ्रेड) पर्यायासह चालवली तर ती एका वेळी आठ फायली हाती घेते, आकडा वाढवताही येतो. जुने प्रोजेक्ट झिप करून ठेवा. व्हीपीएनवाल्यांना फोल्डर मॅप करून देण्याऐवजी ऑफिसातल्याच मशीनवर रिमोट डेस्कटॉप द्या. फायली लॅनवरच राहतात आणि फक्त चित्र प्रवास करतं. हा बदल ज्यांनी केला ते परत मागे फिरलेले मी पाहिले नाहीत.

अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना-मिटताना तपासतो, त्याचाही वाटा याच वेळात असतो. एका मशीनवर थोडा वेळ त्या शेअरला सूट देऊन तेच फोल्डर पुन्हा कॉपी करा. फरक निम्म्याहून जास्त पडला तर बोलणी अँटिव्हायरसवाल्याशी करायची.

फोल्डर उघडायलाच वेळ लागत असेल तर आत किती फायली आहेत ते मोजा. विंडोजला ‘बिल.पीडीएफ’ हे नाव इंग्रजीत मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) लिहा की छोट्या, एकच असतं. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. त्यामुळे नवी फाइल करताना त्याच नावाची दुसऱ्या लिपीतली फाइल आधीच नाही ना, हे बघायला सांबा अख्खी यादी चाळतो. स्कॅनर एकाच फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं पीडीएफ टाकत असेल आणि त्या लाखावर गेल्या असतील, तर प्रत्येक नव्या स्कॅनला लाखाची यादी चाळली जाते. वर्ष-महिन्याची उपफोल्डरं करा. सांबामध्ये हे टाळायची सेटिंगं आहेत, पण ती लावायची तर आधीच्या सगळ्या फायलींची नावं छोट्या लिपीत आणावी लागतात, तेव्हा उपफोल्डरंच सोपी. फोटो-डिझाइनच्या फोल्डरात थंबनेल हाही एक छुपा खर्च असतो: यादी दाखवण्यासाठी विंडोज प्रत्येक फाइल थोडी थोडी वाचतं. नेटवर्क फोल्डरांसाठी ते बंद करता येतं.

एनएफएसवर याच दुखण्याचं रूप जरा वेगळं. तिथे फाइल बंद करताना सर्व्हरला ‘डेटा खरोखर डिस्कवर गेला’ अशी हमी द्यावी लागते. साध्या डिस्कवर दर फाइलमागे अशा दोन-तीन उड्या म्हटलं की दहा हजार फायलींना चार-पाच मिनिटं सहज जातात. यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे एक्स्पोर्टमध्ये (सर्व्हरवरच्या शेअरच्या सेटिंगमध्ये) ‘असिंक’ लिहिणं. वेग भन्नाट वाढतो, कारण डेटा रॅममध्ये असतानाच सर्व्हर ‘लिहिला’ असं सांगून मोकळा होतो. त्या क्षणी वीज गेली तर क्लायंटच्या लेखी फाइल सुरक्षित आणि डिस्कवर अर्धवट. ज्या गावात वीज दिवसातून दोनदा जाते आणि यूपीएसची बॅटरी कधी बदलली ते कोणाला आठवत नाही, तिथे हा उपाय करू नये. वीज गेल्यावरही कॅशमधला डेटा वाचवणारे कॅपॅसिटर असलेली एसएसडी घ्या. साधी घरगुती एसएसडी या हमीच्या लिखाणात अपेक्षेपेक्षा बरीच मंद निघते.

एनएफएसवर दोष कोणाचा हे ठरवायला एनएफएस-आयोस्टॅट ही कमांड फार उपयोगी. त्यात दोन वेळा दिसतात: मागणी वायरीवर गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा आरटीटी, आणि क्लायंटमध्ये मागणी जन्मल्यापासूनचा एकूण वेळ. आरटीटीच मोठा असेल तर सर्व्हर किंवा नेटवर्क. आरटीटी छोटा आणि एकूण मोठा, तर मागण्या क्लायंटमध्येच रांगेत उभ्या आहेत. अशा वेळी लिनक्स ५.३ पासून आलेला ‘एनकनेक्ट’ हा माउंटचा पर्याय कामी येतो, एकाच सर्व्हरकडे अनेक टीसीपी जोडण्या उघडता येतात. सर्व्हरवरचे एनएफएसडीचे (मागण्या हाताळणारे) धागे बरीच वर्षं मुळात ८ असायचे. तीस मशीनं असतील तर ते ३२ किंवा ६४ करायला हरकत नाही. मात्र डिस्कच दमलेली असेल तर धागे वाढवून तिच्यापुढची रांग फक्त लांबते.

एकटा असताना पटकन, दुसरा आला की रांगतं

टॅलीसारखं अकाउंटिंग, जुनं फॉक्सप्रोचं पॅकेज, ॲक्सेसचा डेटाबेस. सकाळी लवकर आलेल्याला सगळं झटपट मिळतं, दुसरा माणूस तीच कंपनी उघडतो आणि दोघांचंही काम मंदावतं. फाइल एकटाच वापरत असेल तोवर सर्व्हर क्लायंटला ऑपलॉक देतो, म्हणजे ‘तुझ्याकडेच कॅश ठेव, मला दर वेळी विचारू नकोस’. दुसरा येताच ती सवलत काढून घ्यावी लागते, नाहीतर दोघांचे हिशेब जुळणार नाहीत. तिथून पुढे प्रत्येक वाचन-लेखन वायरीवरून. हे बिघाडाचं लक्षण नाही, त्यामुळे सर्व्हरवर ‘दुरुस्ती’ करून जाणार नाही. सॉफ्टवेअरची क्लायंट-सर्व्हर आवृत्ती घ्या, नाहीतर सगळ्यांना एकाच मशीनवर रिमोट डेस्कटॉपने बसवा. ऑपलॉक जबरदस्तीने चालू ठेवण्याचे सल्ले मिळतील. ते ऐकले तर वेग वाढेल आणि एके दिवशी डेटा फाटेल. आउटलुकच्या पीएसटी फायलीही शेअरवर ठेवू नका. नेटवर्कवरून त्या वापरणं मायक्रोसॉफ्टच्या लेखीही बाद आहे.

अपडेटनंतर अचानक

‘काल ठीक होतं, विंडोज अपडेट झालं आणि निम्म्यावर आलं.’ विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये एसएमबीचं (विंडोज आणि सांबा ज्या भाषेत बोलतात तिचं) सायनिंग सक्तीचं आहे, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर सही आणि दुसऱ्या टोकाला तिची पडताळणी. आजच्या प्रोसेसरला याचं ओझं वाटत नाही, जुन्या एनएएसच्या किरकोळ प्रोसेसरला वाटतं. सांबा प्रत्येक क्लायंटसाठी वेगळी प्रोसेस चालवतो, त्यामुळे टॉप या कमांडमध्ये एकच एसएमबीडी (सांबाची प्रोसेस) एका कोअरचे १०० टक्के खाताना दिसेल आणि बाकीचे कोअर निवांत असतील. एसएमबीस्टॅटस हा सांबाचा आदेश सायनिंग आणि एन्क्रिप्शन चालू आहे का ते क्लायंटनिहाय दाखवतो. सायनिंग बंद करायला सांगणारे बरेच भेटतील. माझ्या मते तो डबा बदलायची वेळ आली आहे.

याच्याच जोडीला: सांबाच्या सेटिंगमध्ये ‘सॉकेट ऑप्शन्स’ची लांबलचक ओळ कोणी चिकटवून ठेवली आहे का बघा. जुन्या काळचा तो ठरलेला सल्ला होता. आताचा लिनक्स बफरचा आकार स्वतःच जुळवतो आणि ती ओळ त्याचे हात बांधते. काढून टाका.

दर महिन्याचा सोमवार

आता ‘कधी’. दुखणं ठरावीक वारी, ठरावीक वेळी परतत असेल तर सर्व्हरचं वेळापत्रक उघडा: बॅकअप, स्नॅपशॉट पुसणं, व्हायरस स्कॅन, एनएएसचं फोटो इंडेक्सिंग.

सगळ्यांत चकवणारी म्हणजे रेडची मासिक तपासणी. डेबियन आणि उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत सॉफ्टवेअर रेडची ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी पहाटे १२:५७ ला आपोआप सुरू होते. रविवार, पहाट, ऑफिस बंद. वेळ शहाणपणानेच निवडली होती. पण ती ठरली तेव्हा डिस्क छोट्या होत्या. १६ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबीच्या वेगाने पूर्ण वाचायची तर ३० तास लागतात, म्हणजे सोमवारची सकाळ उजाडते. मध्ये रविवारचा बॅकअप आडवा आला की दुपार. इकडे सोमवारी दहा वाजता सगळे लॉगिन करतात आणि डिस्कची हेडं तपासणी आणि माणसं यांच्यामध्ये धावत राहतात. कोणीतरी वैतागून सर्व्हर रीस्टार्ट करतो. तपासणी तिथेच थांबते, पुन्हा आपोआप सुरू होत नाही, सर्व्हर एकदम ‘बरा’ होतो आणि रीस्टार्ट हाच उपाय असल्याची सगळ्यांची खात्री पटते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

प्रोकमधली एमडीस्टॅट फाइल बघितली की तपासणी चालू असल्यास टक्केवारीसह दिसते. ती बंद करून टाकू नका: एक डिस्क गेल्यावर दुसरीवरचा वाचता न येणारा सेक्टर सापडण्यापेक्षा तो आत्ता सापडलेला बरा. तपासणी शुक्रवारी रात्री सुरू करा किंवा रोज रात्री थोडी थोडी होईल अशी विभागा. नव्या एमडीॲडममध्ये (लिनक्सची सॉफ्टवेअर रेड सांभाळणाऱ्या साधनात) तशी सोय आहे. सगळी ओढाताण करून ती दिवसा चालवावीच लागली तर कामाच्या वेळेत वेगाची कमाल मर्यादा खाली आणा.

हे सगळं पकडायला नोंद हवी, कारण तुम्ही पोचेपर्यंत दुखणं बहुधा पळालेलं असतं. सिसस्टॅट बसवून चालू ठेवा. दर दहा मिनिटांनी डिस्क, प्रोसेसर, नेटवर्कचे आकडे साठत राहतात. ‘गेल्या सोमवारी साडेदहाला काय झालं’ हे गुरुवारीही काढता येतं.

आणि इतकं करून काहीच हाती लागलं नाही, तर त्रास होणाऱ्या मशीनवर वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून स्लो असणारं तेच एक काम पकडा. त्याच्या आकडेवारीच्या मेन्यूत एसएमबी२ साठी सर्व्हिस रिस्पॉन्स टाइमचा तक्ता आहे: कोणत्या प्रकारच्या मागणीला सर्व्हरने किती वेळात उत्तर दिलं ते त्यात दिसतं. उत्तरंच उशिरा येत असतील तर डिस्क आणि सर्व्हरकडे परत जा. उत्तरं एका मिलिसेकंदात येतायत आणि पुढची मागणी निघायलाच चाळीस मिलिसेकंद लागतायत, तर वेळ क्लायंटवरचा प्रोग्रॅम किंवा अँटिव्हायरस खातोय. तो तक्ता मग त्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टवाल्याला पाठवून द्या.